शनिवार सोडून कुठलाही वार

"घरी काही अडचण आहे का, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. मला दर शनिवारी सुट्टी हवी आहे, एवढंच. त्याबदली रविवारी मी येईन. प्रत्येक रविवारी. दिवाळीतला असला तरी."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आमचा कारखाना सातपूरला. विजेच्या पॅनेलमध्ये बसतात ते स्विच आम्ही बनवतो, आणि मी तिथे क्वालिटीला आहे. लाइनवरून उतरलेला माल तपासायचा आणि पास की रिजेक्ट ते ठरवायचं. काम आठवडाभर चालू असतं, म्हणून सुट्टीचा वार फिरता. कधी मंगळवार, कधी गुरुवार, नशीब जोरावर असलं तर रविवार. इतक्या वर्षांत सुट्टीच्या वाराबद्दल मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"शनिवारचा उपवास धरलाय का? मारुतीचा?"

"उपवास नाही सर. त्या दिवशी आम्ही उलट चांगलंचुंगलं जेवतो. आम्ही ज्यू आहोत, बेने इस्राएल. शनिवार आमचा विसाव्याचा दिवस."

"ज्यू?" साहेब म्हणाले. "मला तर तुम्ही ख्रिश्चन वाटत होतात."

यात त्यांची काही चूक नव्हती. आमचं आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. ते ऐकून लोक आम्हाला कोकणातले हिंदू समजतात आणि पहिलं नाव ऐकून गोंधळतात. नाशिकमध्ये आमची घरं मोजकी. आमचं प्रार्थनालय इथे नाही. नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, आणि त्यानंतरचा मोठा उपवास आला की आम्ही ठाण्याला जातो. बाकी वर्षभर आम्ही असतो ते दाराच्या चौकटीपुरते. उजव्या बाजूला तिरकी ठोकलेली छोटी लाकडी डबी, तिच्यात प्रार्थनेचा गुंडाळलेला कागद. तिला मेझुझा म्हणतात. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. शेजाऱ्यांना वाटतं, ती डोअरबेल आहे आणि बंद पडली आहे.

साहेब म्हणाले, "इतकी वर्षं तर येत होतात शनिवारी."

"हो, येत होते," मी म्हणाले. "आता नाही येणार."

ते मी इतकं सरळ कसं बोलले, याचं मला नंतर नवल वाटलं.

त्याआधीच्या थंडीत मी आईला घेऊन अलिबागकडे गेले होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं तर मलिदा करीन, असा तिने नवस केला होता. एलियाहू हन्नबी हा आमचा संदेष्टा. तो रथातून आकाशात गेला, आणि जाताना त्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या एका खडकावर उमटल्या असं आमच्या लोकांत मानतात. आम्ही तिथे गेलो. गुळातले गोड पोहे, वर खवलेलं खोबरं, सुकामेवा, बाजूला फळं असं मलिद्याचं ताट मांडलं. आईने हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली, आम्ही प्रसाद खाल्ला, वाटला. मग आई म्हणाली, "आता आलोच आहोत तर आपल्या गावात जाऊन येऊ."

गावात आमचं काही उरलेलं नव्हतं. घराच्या जागी दुसऱ्याचा बंगला. विहिरीजवळ मात्र तेलाच्या घाण्याचा दगड पडला होता, अर्धा मातीत रुतलेला. कोकणात आमच्या लोकांचा धंदा तेल काढण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे मला शाळेपासून माहीत होतं. आमच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी ते सांगतंच.

विहिरीवर एक म्हातारे गृहस्थ आले. आईने आडनाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"शनवार तेल्यांची पोर तू! माझा आजा सांगायचा, तुमचा बैल शनवारी असा ह्या चिंचेखाली बसून असायचा, रवंथ करत. गावात सगळ्यांना ठाऊक. तेल संपत आलं की बायका शुक्रवारीच येऊन नेऊन ठेवायच्या. शनवारी कुणी यायचंच नाही."

"कुणी कुरकुर नाही करायचं?" मी विचारलं.

"कशाला करतील? त्यांचा वारच होता तो."

परतीच्या गाडीत मी डबाही उघडला नाही. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "बैलाला सुट्टी होती, आई."

"असणारच. आज्ञेतच आहे तसं. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे गडी, तुझी जनावरं, तुझ्या दारातला परका. सगळ्यांनी थांबायचं. कुणी दुसऱ्याला राबवून स्वतः विसावा घ्यायचा नाही."

 दोन दिवसांवर शनिवार होता आणि त्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती.

माझे वडील रेल्वेत होते, नाशिकरोडला. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई खोबरेल तेलाचा दिवा लावायची. बाबा डोक्यावर टोपी घालून किद्दूश म्हणायचे, म्हणजे प्याल्यावरची आशीर्वादाची प्रार्थना. प्याल्यात मनुकांचं सरबत. गावाभोवती द्राक्षांचे मळे, पुढे वाइनचे कारखानेही झाले, पण ती वाइन आम्हाला चालत नाही. आमच्या माणसाच्या हातची लागते. म्हणून काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. चपातीचा तुकडा मिठात बुडवून सगळ्यांना द्यायचा. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा विसावा, पण आमचा इथवरच पुरा व्हायचा. शनिवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मेझुझाला हात लावून ड्यूटीवर जायचे. मी त्यांना नावं ठेवत नाही. घरात खाणारी तोंडं होती आणि गाड्या शनिवारी थांबत नाहीत. जेवढं धरता येईल तेवढं त्यांनी धरून ठेवलं. माझ्या हातात त्यांच्यापेक्षा थोडं जास्त धरण्याची सोय होती, आणि मी ती वापरत नव्हते. मला एवढंच बोचत होतं.

साहेबांनी लगेच हो म्हटलं नाही. "एकीला दिलं की सगळे मागतील," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग मी क्वालिटीतल्याच माझ्या मैत्रिणीकडे गेले. ती माझ्यापेक्षा लहान, सातपूर कॉलनीतली. तिच्या घरचे सगळे दर रविवारी विहारात वंदनेला जातात, तिची मुलं तिथल्या बालवर्गात. सुट्टीचा वार फिरता असल्यामुळे तिला बहुतेक रविवारी ते चुकायचं.

"ताई, म्हणजे तुम्ही माझे सगळे रविवार करणार?" तिने डबा खाताना विचारलं.

"सगळे. तू माझे शनिवार कर. आणि शुक्रवारी मला फर्स्ट शिफ्टच लागेल. सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचं असतं."

ती हसायला लागली. "सूर्य मावळल्यावर काय होतं?"

"काही होत नाही. माझं काम संपतं."

तिने घास खाली ठेवला आणि थोडा विचार केला. "आमच्या सासूबाई म्हणतात, आपला वार आपण पाळला नाही तर दुसरा कशाला पाळेल? चला. दोघी मिळून साहेबांकडे जाऊ."

दोघी गेलो. दोघींचं एकमेकींत जमतंय आणि लाइन रिकामी राहत नाही म्हटल्यावर साहेबांना नाही म्हणायला कारण उरलं नाही. "बघू सहा महिने," ते म्हणाले.

पहिला शनिवार भयंकर गेला. विसावा घेणं हे काम असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात शुक्रवारीच करून हॉटकेसमध्ये ठेवला होता. आमच्यात मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून सगळं नारळाच्या दुधात. लिहायचं नाही, शिवायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, गाडी चालवायची नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. हॉलमधला एक दिवा आणि एक पंखा आदल्या दिवसापासून चालू. मोबाइल कपाटात. सकाळची प्रार्थना झाली, खाणं झालं, आणि घड्याळात बघते तर दिवस सगळा पडलेला. माझे हात सारखे काहीतरी शोधत होते. पडद्याची शिवण उसवलेली दिसली. बाथरूमचा नळ गळताना ऐकू आला. मुलगी तेव्हा नववीला होती. ती चादरीखाली मोबाइल बघत होती. मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं की मला कळतंय.

"आई, हे असं किती वेळ?" तिने शेवटी विचारलं.

"तीन तारे दिसेपर्यंत."

"ढग असले तर?"

माझी आई खुर्चीतून म्हणाली, "तर अजून थोडा आराम."

दुपारी मी झोपले. इतकी गाढ झोपले की उठल्यावर कुठला वार, कुठलं गाव, काही कळेना. यजमान गेल्यापासून मी तशी झोपले नव्हते. पुढच्या शनिवारी आईने तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी मुलगी आपणहून येऊन आमच्यात बसली. सवय लागायला पावसाळा उजाडला.

आणि मग ऑडिट आलं. पुण्याचं मोठं गिऱ्हाईक, वर्षभराची ऑर्डर त्यांच्या हातात. ते लाइन बघायला येणार, तपासणीची पद्धत बघणार. क्वालिटीच्या बाजूने त्यांच्याशी बोलायला मी, हे ठरलेलं होतं. लाइन लीडरची जागाही त्याच महिन्यात भरायची होती, आणि ती कुणाला मिळणार याची कँटीनमध्ये चर्चा नव्हती, कारण सगळ्यांनी माझंच नाव धरलं होतं. ऑडिटचा वार निघाला शनिवार.

"एकच शनिवार, मॅडम," साहेब म्हणाले. या वेळी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. "एका दिवसासाठी देव रागावणार आहे का?"

"रागावण्याचा प्रश्न नाही सर. हा एक दिला की पुढचा मागायला तुम्हाला अवघड वाटणार नाही आणि द्यायला मलाही."

"तुमचंच नुकसान आहे. मी स्पष्ट सांगतोय."

"कळलं सर."

त्या आठवड्यात मी जेवढं काम केलं तेवढं कधी केलं नसेल. मैत्रिणीला सगळे प्रश्न, सगळी उत्तरं शिकवली. मापं तपासायचं गेज कुठलं, का, रिजेक्ट झालेल्या मालाचं पुढे काय होतं, हे तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. ती चिडली. "ताई, मी काय परीक्षेला बसलेय का?" मी म्हटलं, हो. शुक्रवारी सगळं टेबल मांडून ठेवलं आणि तीनच्या भोंग्याला बाहेर पडले. गेटपाशी एकदा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू? स्कूटर चालू केली आणि घरी आले. आई मनुका गाळत होती.  दिवा लावला, डोळ्यांवर हात धरले, आणि पहिल्यांदा प्रार्थना म्हणताना मला शब्दाशब्दाला जोर लावावा लागला.

ऑडिट चांगलं झालं. मैत्रीण न अडखळता बोलली. लाइन लीडरची जागा दुसऱ्या विभागातल्या एका तरुणाला मिळाली. तो चांगला मुलगा होता, पण गेज हातात धरायला मी त्याला शिकवलं होतं. त्याच्या पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर आला तेव्हा मी एक पेढा घेतला आणि शुभेच्छा दिल्या. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. राग आला होता. साहेबांचा आला होता, आणि थोडा शनिवारचाही. पण पुढचा शनिवार आला तेव्हा मी घरीच होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवारची दुपार, जेवणं झालेली. आमच्या खालच्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्या बागलाणातल्या, सटाण्याजवळच्या. बोलणं अजून सगळं अहिराणी. मुलगा कांद्याच्या व्यापारात, त्या दिवशी सटाण्याला गेलेला, सून माहेरी. आमच्या दारावर थाप पडली ती इतकी हलकी की मला आधी भास वाटला. दार उघडलं तर मावशी कठड्याला धरून पायरीवर बसलेल्या, घामाने निथळत, हात छातीवर.

"कसंतरी व्हई ऱ्हायनं व माय," त्या म्हणाल्या. मला दार उघडताना पाहून त्यांना काहीतरी आठवलं. "तुन्हा शनवार शे ना वं? ऱ्हाऊ दे. दुसरा कोणले तरी बलाव."

त्या अवस्थेत त्या बाईला माझा शनिवार आठवला. मी मागे वळून आईकडे बघितलं. काय विचारणार होते कोण जाणे. आईने मला विचारूच दिलं नाही.

"बघतेस काय? जा! कपाटातून मोबाइल काढ. पैसे घे. जिवापुढे शब्बाथ नाही. थांबलीस तर ते पाप आहे, गेलीस तर नाही."

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. यायला वेळ लागेल म्हणाले. बिल्डिंगमधली पुरुषमाणसं शिफ्टला. मुलीला मावशींजवळ बसवलं, स्कूटर काढली आणि चौकात गेले. पानटपरीसमोर एक रिक्षा होती. स्कूटर तिथेच लावली, रिक्षात बसले आणि रस्ता दाखवत घरी आणली. मुलीने आणि मी मावशींना धरून उतरवलं. त्र्यंबक रोडवरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि त्या पुटपुटत होत्या. मध्येच पुटपुटणं थांबलं की मी त्यांना हलवायची, "मावशी, बोलत राहा, सटाण्याला पाऊस कसा आहे?" असलं काहीही विचारायची. उन्हाळ्यात. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

हार्ट अटॅकच होता. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते वेळेत आणलंत. मी सह्या केल्या, पैसे भरले, त्यांच्या मुलाला फोन केला. तो सटाण्याहून निघाला, आणि इथला त्यांचा एक भाचा तेवढ्यात येऊन पोचला. मावशींच्या नाडीचं, रक्तदाबाचं सगळं ठीक आहे असं कळलं, तेव्हा मी भाच्याला म्हटलं, "मी निघते आता."

"रिक्षा बघून देऊ का, काकू?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. येताना रिक्षात बसले ते जिवासाठी. आता घाई कसली होती? मावशी सुरक्षित होत्या. आता रिक्षा म्हणजे नुसती माझी सोय.

"नको," मी म्हणाले. "मी चालत जाईन."

ऊन रणरणत होतं. चपलेचा अंगठा तुटायला आला होता. डोक्यावर ओढणी घेतली आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागले. रिक्षावाले थांबून विचारत होते, मी मान हलवत होते. आयटीआयचा सिग्नल येईपर्यंत पाय भरून आले. वाटेत एकदा मनात आलं की हा वेडेपणा आहे. पण त्याच वेळी मन असं शांत होतं, की तसं शांत मी घरात बसूनही कधी झाले नव्हते. आपण नक्की काय मोडलं, कशासाठी मोडलं आणि कुठे थांबलो, हे सगळं मला लख्ख दिसत होतं. चौकातून जाताना टपरीवाला म्हणाला, "मॅडम, गाडी इथेच आहे की तुमची." मी म्हटलं, "असू दे भाऊ. संध्याकाळी नेते. जरा लक्ष ठेवा."

सोमवारी लाइनवर गेले तर बातमी साहेबांपर्यंत पोचली होती. मला स्कूटरवरून जाताना आमच्याच कारखान्यातल्या कुणीतरी पाहिलं होतं. टी ब्रेकला साहेब माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूला चारजण होते.

"काय मॅडम, ऑडिटला गाडी चालत नव्हती. परवा बरी चालली?"

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मावशींचं, दवाखान्याचं. आमच्या धर्मात जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडायचाच असतो. त्यात परवानगी मागायची नसते, हेही सांगितलं.

साहेब ऐकत होते. मग म्हणाले, आणि ते चेष्टेने म्हणाले नाहीत, "मग कंपनी म्हणजे पण जीवच आहे की. किती घरांच्या चुली पेटतात हिच्यावर."

मी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला. 

"त्या शनिवारी मी नव्हते सर, आणि ऑडिट पास झालं. माझ्या जागी दुसरी कुणी उभी राहू शकत होती, आणि राहिली. परवा त्या जिन्यात दुसरं कुणीच नव्हतं."

"हं." ते जायला वळले, पुन्हा थांबले. "आणि येताना? कुणी सोडलं?"

"चालत आले."

"त्र्यंबक रोडवरून? त्या उन्हात? का?"

"जाताना जीव होता, सर. येताना मी एकटीच होते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.  मग चहाचा कप घेऊन केबिनमध्ये गेले. त्यांनी कधी माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. पण त्यानंतर मला कुणी शनिवारबद्दल विचारलं नाही. सहा महिन्यांचं 'बघू' कधीच उलटून गेलं होतं, त्याचा विषयही कुणी काढला नाही.

पुढचं घडलं ते हळूहळू. रविवारी वरचे साहेबलोक नसतात. मशीन बिघडली, माल अडला, कुणी आलं नाही, तर निर्णय जो हजर असेल त्याने घ्यायचा. हजर नेहमी मी. लोक आपोआप माझ्याकडे यायला लागले. नवा लाइन लीडर रविवारी मला फोन करून "ताई, तुम्ही बघून घ्या" म्हणायचा. वर्षभराने साहेबांनीच वर कळवलं की रविवारची लाइन ही बाई चालवते, तर तिला तसं पद द्या. पद मिळालं. वरच्या मॅनेजरनी बोलावून विचारलं, "आठवड्यातून कुठल्याही दिवशी यावं लागेल, चालेल ना?" मी म्हटलं, "शनिवार सोडून कुठलाही." ते म्हणाले, "हो हो, ते मला सांगितलंय."

मावशी बऱ्या झाल्या. आता शुक्रवारी दुपारी त्या वर येऊन विचारतात, "काय आनानं शे का बजारमातून?" म्हणजे सूर्य मावळायच्या आत आमचं काही राहायला नको.

यंदा मुलीची बारावी. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लागलं आणि फिजिक्स शनिवारी आलं. ती दोन दिवस घुम्यासारखी वावरत होती. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मला जायचंय, आई."

मी पीठ मळत होते. हात थांबले. मी ऑडिटला गेले नव्हते, हे तिने पाहिलं होतं. 'नको जाऊस' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण घरातलं एकेक माणूस मी मनातल्या मनात आठवलं, आणि लक्षात आलं की माझ्या शनिवारासाठी मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाबांनी नाही, आईनेही नाही. मी स्वतः उभी राहिले म्हणून तो माझा झाला.

"कॉलेजमध्ये विचारलंस का, दुसरा वार मिळतो का?"

"विचारलं. नाही म्हणाले."

"तू स्वतः विचारलंस ना?"

"हो, विचारलं. दोनदा. सरांना, आणि मग प्रिन्सिपलना. काय कारण ते नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, बोर्डाचं आहे, त्यांच्या हातात नाही." तिचा आवाज थोडा चढला. "पण मी सांगितलं, आई. वर्गात सगळ्यांसमोर."

"मग जा," मी म्हणाले. "नीट करून ये."

शनिवारी सकाळी आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, नेहमीसारखाच, शब्द न बदलता. ती दुपारी परत आली, शुक्रवारचं जेवली आणि झोपली. संध्याकाळी आम्ही तिघी गच्चीवर गेलो. सातपूरच्या दिव्यांमुळे आकाश पिवळट होतं, तारे शोधावे लागले. दोन लगेच सापडले, तिसऱ्यासाठी आई कठड्याला टेकून बराच वेळ मान वर करून उभी राहिली. शेवटी तो मुलीला दिसला, पांडवलेणीच्या डोंगराच्या बाजूला.

खाली येऊन हबदाला केला. आठवडा आणि शब्बाथ यांना वेगळं करणारी ती छोटी प्रार्थना. लवंगांची डबी एकीकडून दुसरीकडे फिरली, प्रत्येकीने वास घेतला. मेणबत्ती मुलीने धरली. आईने प्रार्थना म्हटली, मी मनुकांच्या सरबताचा घोट घेतला, आणि मुलीने ज्योत बशीतल्या सरबताच्या थेंबांत विझवली. "शाबुआ तोव," आई म्हणाली. चांगला आठवडा जावो.

मी कपाटातून मोबाइल काढून चालू केला. मेसेज येऊन पडले होते. सकाळी दोघे येणार नव्हते, एका गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, मुदत संपली होती. डायनिंग टेबलावर बसून मी रविवारची लाइन लावायला घेतली.